भाऊ म्हणतो, ‘सिगारेट माझ्या स्वभावातच आहे.’ यात तथ्य किती?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी कऱ्हाडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. वय चौतीस, नोकरी हिंजवडीला. कॉलेजात असताना मित्रांच्या नादाने सुट्टी सिगारेट घ्यायचा, आता खिशात पाकीटच असतं.

दिवाळीत घरी आला तेव्हा आमचं यावरून चांगलंच वाजलं. मी बोलायला लागले तर त्याने फोन काढून ऑफिसात घेतलेल्या कुठल्याशा व्यक्तिमत्त्व चाचणीचा निकाल समोर धरला. पाच आडव्या पट्ट्या होत्या. चिंता, अस्वस्थता यांची पट्टी जवळजवळ पूर्ण रंगलेली, शिस्त आणि नियोजनाची अर्ध्याच्याही आत. म्हणाला, “बघ ताई, मी असाच घडलोय. माझ्यासारखी माणसं ओढणारच. तुझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाला हे कळायचं नाही.” त्यावर मला काही बोलताच आलं नाही. कारण तो लहानपणापासून खरोखरच धास्तावणारा. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात दुखायचं, वडील घरी यायला उशीर झाला की फाटकाशी जाऊन उभा राहायचा.

पण मनाला पटत नाही. वडील भयंकर तापट, कायम कशाची तरी काळजी, पण त्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही. उलट आई. गावात तिच्याइतकी शांत बाई सापडणार नाही, आणि तिला सकाळी मशेरी लावल्याशिवाय चहा जात नाही. तंबाखू तव्यावर भाजायची, पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची, हे मी कळत्या वयापासून बघतेय. भाजताना घरभर ठसका लागतो.

तर जाणकारांनी सांगावं. माणसाचा स्वभाव आणि सिगारेट यांचा खरंच संबंध आहे का? असेल तर भावाला “सोड” म्हणण्यात अर्थ आहे का? मला त्याच्याशी भांडायचं नाहीये. त्याची मुलगी आत्ता बालवाडीत आहे, मला त्याची फार काळजी वाटते.

---

आगारवाला

ताई, मी वयाने मोठा आहे म्हणून सांगतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो, आता निवृत्त. विडी सोडून बरीच वर्षं झाली.

आमच्या आगारात सगळ्या स्वभावाची माणसं होती आणि जवळजवळ सगळीच ओढायची. गप्प बसणारा ओढायचा, बडबड्याही ओढायचा. गाडीखाली पिटमध्ये उतरायच्या आधी एक आणि वर आल्यावर एक, हा नियमच. हात ग्रीसने माखलेले, म्हणून विडी ओठातच धरायची. विडीचं असं असतं की जरा विसरलात की विझते, सारखे झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे एक विडी म्हणता म्हणता छातीत किती धूर जातो त्याचा हिशोब राहत नाही.

मी पहिल्यापासून चिडका. मलाही वाटायचं की विडी आहे म्हणून डोकं ताळ्यावर आहे, नाहीतर कुणाच्या तरी अंगावर जाईन. सोडली तेव्हा पहिले काही आठवडे घरच्यांना फार सोसावं लागलं, हे खरं. नंतर शांत झालो. आजही चिडतो, पण पूर्वीइतकाच, जास्त नाही. स्वभाव जागच्या जागी राहिला आणि विडी गेली. त्यामुळे दोन्ही एकच आहेत असं मला तरी कुणी सांगू नये.

---

सल्लाखोली

कृष्णाकाठ ताई, मी एका रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. तुमच्या भावाचं वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की जरा सविस्तर लिहिते.

आधी हे मान्य करूया की संबंध आहे. मानसशास्त्रात सध्या ज्या पाच गुणांवर माणसाचा स्वभाव मोजतात (बहिर्मुखता, चिंताळूपणा, कर्तव्यदक्षता, सौजन्य आणि नव्या अनुभवांची ओढ), त्याच या पाच पट्ट्या. २०१५ साली नऊ मोठ्या अभ्यासांतल्या जवळपास ८० हजार माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. जास्त चिंताळू, जास्त बहिर्मुख आणि कमी कर्तव्यदक्ष माणसांत सिगारेट ओढणारे थोडे जास्त सापडले. यातला ‘थोडे’ हा शब्द भावाला जरूर वाचून दाखवा. असा फरक हजारो माणसांच्या सरासरीत दिसतो. समोरच्या एका माणसाच्या पट्ट्या बघून तो ओढत असेल की नाही हे सांगायला गेलात तर वारंवार चुकाल. अतिशय चिंताळू असून कधीही न ओढणारी माणसं भरपूर आहेत. तुमचे वडील त्यातलेच.

त्या अभ्यासात मला सगळ्यात कामाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सुरुवात कोण करतं आणि सुटत कुणाला नाही, यामागे वेगवेगळे गुण दिसतात. सुरुवात करण्यात बहिर्मुख आणि बेशिस्त मंडळी पुढे. हे समजण्यासारखं आहे, कारण पहिली सिगारेट बहुतेक वेळा कुणीतरी देतं, ती घोळक्यात मिळते. पण सोडायला जड जातं ते चिंताळू माणसाला, आणि सोडून परत सुरू होण्याचा धोकाही त्यालाच जास्त. म्हणजे भाऊ म्हणतो त्यात खरं एवढंच आहे की त्याला सोडणं इतरांपेक्षा जरा कठीण जाईल. ‘सुटणारच नाही’ हे त्यातून निघत नाही.

आता त्याच्या ‘टेन्शन’बद्दल. सिगारेटमधलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. प्रमाण उतरलं की सवय झालेल्या माणसाला बेचैनी येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. यालाच आपण तलफ म्हणतो. पुढची सिगारेट ही बेचैनी घालवते आणि माणसाला वाटतं, ऑफिसचं टेन्शन गेलं. प्रत्यक्षात आधीच्या सिगारेटने उभं केलेलं टेन्शन गेलेलं असतं. मुळात धास्तावणाऱ्या माणसाला या दोन टेन्शनांतला फरक ओळखता येत नाही, कारण छातीत धडधड तीच आणि हाताची चुळबुळही तीच. म्हणून त्याचा सिगारेटवरचा विश्वास पक्का होत जातो. केंद्रात येणाऱ्यांना मी सांगते की पुढची तलफ आली की घड्याळ बघा आणि आधीची कधी ओढली होती ते आठवा. साहेबाच्या बोलण्यापेक्षा घड्याळाशी जास्त मेळ बसतो, हे पुष्कळांना स्वतःच दिसतं.

सोडल्यावर काय होतं हेही तपासलं गेलंय. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले. अमेरिकेत १८ ते ३५ या वयातल्या तरुणांचा बरीच वर्षं मागोवा घेतला, त्यातही सोडणाऱ्यांचा चिंताळूपणा आणि उतावळेपणा न सोडणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलेला दिसला. म्हणजे ती रंगलेली पट्टीसुद्धा जन्माची ठरलेली नाही. आणि चाचणी दिली त्या दिवशी तो रोज ओढतच होता, तेव्हा त्या रंगात तलफेचा वाटा किती हे चाचणी सांगू शकत नाही.

तुमच्या आईंचं उदाहरण तर लाखमोलाचं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १९ टक्के पुरुष आणि फक्त २ टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या निघाल्या. आपल्या बायकांना काय चिंता कमी आहेत? पण बाईने चारचौघांत सिगारेट पेटवणं समाजाला चालत नाही आणि मशेरी मात्र घरात सासूच सुनेला देते. त्याच सर्वेक्षणात बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया १२.८ टक्के होत्या. महाराष्ट्रात तर सगळे मिळून धूर काढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के! इथे माणसांचे स्वभाव वेगळे आहेत म्हणून हे आकडे असे आलेले नाहीत. हाताशी काय आहे, काय खपवून घेतलं जातं आणि घरात काय चालतं, यावर ते ठरतात.

---

बाणेर_बाल्कनी

मी ओढतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वर बहिर्मुख लोक जास्त ओढतात असं आलंय. मी कमालीचा अबोल आहे. पहिली नोकरी लागली तेव्हा पुण्यात ओळखीचं कुणी नव्हतं. जेवणाच्या टेबलावर मला तोंड उघडता यायचं नाही. पण टपरीवर सिगारेट पेटवली की हाताला काम असतं, समोरच्याकडे सतत बघावं लागत नाही आणि बोलायला वेळेची मर्यादा असते. सिगारेट संपली की निघता येतं. माझे आजचे जवळचे मित्र सगळे तिथे झाले. टीमची अर्धी महत्त्वाची बोलणीही तिथेच होतात.

मला फायदे-तोटे माहीत आहेत. सोडायचीही आहे. पण ‘टेन्शन’ हे माझं कारणच नाही. मी सोडली तर मला भीती आहे ती एकटं पडण्याची. अशा माणसाला काय सांगाल?

---

नमुनानिवड

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. स्वभाव आणि सिगारेट या विषयाला एक इतिहास आहे आणि तो ताईंच्या भावाला माहीत असायला हवा, म्हणून लिहितो.

१९५० साली डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. त्याला सर्वांत वजनदार विरोध केला तो रोनाल्ड फिशर यांनी. आमच्या विषयाचा पाया घालणारा माणूस. त्यांच्या पद्धती मी रोज फळ्यावर लिहितो. त्यांचं म्हणणं असं की सिगारेटमुळे कर्करोग होत नाही, एखादी जन्मजात घडणच माणसाला सिगारेटकडेही नेत असेल आणि कर्करोगाकडेही. ते स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू कंपन्यांचे सल्लागार होते.

पुढे लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी हीच गोष्ट व्यक्तिमत्त्वाच्या भाषेत मांडली. १९६० मध्ये त्यांनी बहिर्मुखता आणि सिगारेट यांचा संबंध दाखवला. तिथपर्यंत ठीक होतं, तसा संबंध पुढेही अनेकांना आढळला. पण नंतर ग्रोसार्थ-मातिचेक यांच्याबरोबर त्यांनी असे दावे केले की अमुक स्वभावाची माणसंच कर्करोगाने मरतात आणि त्यापुढे सिगारेटचा वाटा किरकोळ आहे. या संशोधनाला तंबाखू उद्योगाचा पैसा होता. २०१९ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीत या जोडीचे २६ लेख भरवशाचे नाहीत असं ठरलं. त्यांतले काही नंतर नियतकालिकांनी मागे घेतले. ‘टाइप ए’ म्हणून जो घाईतला, स्पर्धाखोर स्वभाव हृदयविकाराशी जोडला जातो, त्या संशोधनावरही फिलिप मॉरिस कंपनीने वर्षानुवर्षं पैसा लावला होता. कारण उघड आहे. दोष माणसाच्या स्वभावात निघाला की सिगारेट निर्दोष ठरते.

फिशर यांचा मुद्दा चूक ठरला कसा? स्वभाव किंवा जन्मजात घडण हे कारण असतं, तर सिगारेट सोडल्याने धोका उतरायला नको होता. माणूस तर तोच राहतो. पण डॉल यांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा मागोवा घेतला, त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटलं होतं. साठीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे ३ वर्षं वाचवली, पन्नाशीत ६ आणि चाळिशीत ९. तेच डॉक्टर, तेच स्वभाव. ताई, तुमचा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. माझ्या मते या सबंध धाग्यात त्याच्या हिताचा याहून मोठा आकडा नाही.

जनुकांचाही वाटा आहे, तो नाकारू नये. दिवसाला किती सिगारेटी लागतात आणि शरीरातून निकोटिन किती वेगाने बाहेर पडतं, यावर काही जनुकांचा परिणाम पक्का सिद्ध झालेला आहे. पण ती जनुकं ‘स्वभाव’ नव्हेत.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आगारवाला काका, तुमचं लिहिणं मी आईला वाचून दाखवलं.

भावाला काल फोन केला. भांडण न करता फक्त विचारलं की दिवसातली पहिली कधी ओढतोस. म्हणाला, उठल्याउठल्या, तोंड धुवायच्याही आधी, बाल्कनीत. मग स्वतःच म्हणाला की मागे बंद केली होती, पण रिलीजच्या आठवड्यात (ऑफिसातलं काम पुरं करून बाहेर द्यायचं असतं तेव्हा) परत चालू झाली आणि तेव्हापासून पुन्हा प्रयत्न करावासा वाटला नाही. त्याच्या बोलण्यात पहिल्यांदा जरा खेद जाणवला. पुढे काय करू? आणि आईचं काय करू? ती म्हणते, मशेरीने दात बळकट राहतात.

---

सल्लाखोली

ताई, तुम्ही अगदी नेमका प्रश्न विचारलात. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर शरीराला निकोटिनची घट्ट सवय झालेली आहे असं आम्ही धरतो. रात्रभराच्या झोपेत ते उतरलेलं असतं आणि त्याची भरपाई सकाळी होते. डोळे उघडताक्षणी ऑफिसचं कुठलं टेन्शन आलेलं असतं? अशा माणसाला नुसतं “मन घट्ट कर” म्हणून सोडून देणं अन्याय आहे. त्याला औषधाची जोड द्या. निकोटिनचा च्युइंगगम किंवा पॅच मिळतो, शिवाय डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्याही आहेत. गमची ताकद डॉक्टर ठरवतील. तो साध्या गमसारखा चघळत राहायचा नसतो. सावकाश चावायचा, तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचा. आणि चहा-कॉफी घेतल्यावर पंधरा मिनिटं तरी थांबायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. “गमने काही फरक पडला नाही” म्हणणारे कितीतरी जण तो गरम चहाबरोबर चघळत असतात.

मग त्याच्या स्वभावाकडे या, पण दोष म्हणून नाही. चिंताळू माणसाचा एक मोठा गुण म्हणजे पुढचं संकट त्याला आधी दिसतं. त्यालाच बसवून लिहून काढायला सांगा की कुठल्या प्रसंगी मोडेल. रिलीजचा आठवडा त्याने स्वतःच सांगितला. तेव्हा सोडायची तारीख त्या आठवड्यापासून लांबची घ्या. त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा. धास्तावणाऱ्या माणसाला त्रास किती दिवसांचा आहे हे कळलं की निम्मा धीर येतो. शिस्त कमी आहे ना, मग शिस्तीवर विसंबूच नका. घरात पाकीट, लायटर, ॲशट्रे काहीही ठेवू नका. बाल्कनीतली खुर्ची उचलून आत आणायला वहिनींना सांगा. एखादी ओढली गेली तर “बघ, माझा स्वभावच असा” म्हणून तो सगळंच सोडून देईल, तिथे तुम्ही लागणार आहात. त्या दिवशी त्याने तुम्हालाच फोन करायचा, असं आत्ताच ठरवून घ्या. तुमच्याशी बोलायचं नसेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे, फोन मोफत आहे.

बाणेर_बाल्कनी, तुमचं कारण वेगळं म्हणून उपायही वेगळा. तुमच्याबाबतीत टपरी सोडू नका, असं मी म्हणेन, जे ताईंच्या भावाला पहिले काही आठवडे मुळीच म्हणणार नाही. टपरीवरच्या एका मित्राला आधी विश्वासात घ्या की मी सोडतोय, मला देऊ नकोस. चहाचा ग्लास हातात धरा. तुमच्या मैत्रीला जे लागतं ते म्हणजे हाताला काम आणि निघायची मुभा. ते दोन्ही कटिंगमध्ये आहे. जमत नाही असं वाटलं तर महिनाभर दुसऱ्या टपरीवर त्याच मित्राला घेऊन जा. एकटे पडाल ही भीती खरी आहे, ती कुणालातरी बोलून दाखवलीत हेच फार चांगलं झालं.

आणि आई. दात बळकट होतात हा समज गावोगावी आहे आणि तो चुकीचा आहे. मशेरीने हिरड्या दातांपासून सुटत जातात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पण इतक्या वर्षांची सवय आहे, तेव्हा डबी हिसकावून घेऊ नका. त्यांनाही तलफ येते, त्याही चिडतील, डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही. दिवसात किती वेळा लावतात ते आधी बघा आणि दुपारची वेळ पहिली बंद करा, सकाळची सगळ्यात शेवटी. नवीन तंबाखू भाजायची नाही, डबीत आहे ती संपेपर्यंतच, असं त्यांच्याकडूनच कबूल करून घ्या. त्याआधी मात्र एकदा दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्या. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. हे बघायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, दिवसाच्या उजेडात दाराशी बसवून तुम्हीही बघू शकता.